तालमीच्या माडीवरचा बिननावी राग

रविवार. संध्याकाळचे साडेसहा. शिवाजी पेठेतल्या एका तालमीची माडी. खाली आखाड्यात पोरांच्या बैठका चाललेल्या. वर सतरंजीवर इंदूताई साळोखे तंबोरा घेऊन बसलेल्या, समोर संगणक. त्यांनी भूप गाऊन संपवला. थोड्या वेळानं पडद्यावर शब्द उमटला : देशकार.

इंदूताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावून वाचलं. मग संगणक आणणाऱ्या मगदूम मॅडमकडं वळून शांतपणे विचारलं, "ह्याला वेळेवर जेवायला घालता का न्हाय?"

बातमीदाराकडं किस्से साचतात ते न छापलेल्या मजकुरातून. जे छापून येतं ते दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जातं. जे राहतं ते डोक्यात ठाण मांडून बसतं आणि टपरीवर कुणी चहा पाजला की बाहेर पडतं. मी चाळीस वर्षं बातमीदारी केली. नगरपालिकेची महानगरपालिका झालेली पाहिली नाही, पण तिचे सगळे खड्डे पाहिले. तरी सांगतो, तेवढ्या वर्षांत साचलं नसेल तेवढं या एका माडीवर साचलं. हल्ली मित्र माझी तब्येत विचारत नाहीत, यंत्राची विचारतात.

* * *

मी तिथं मुळात भांडायला गेलो होतो.

झालं असं, की एका इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्रक आमच्या टेबलावर आलं. गाणं ऐकून राग ओळखणारा संगणक तयार करणार, असं त्यात लिहिलेलं. माझं डोकं फिरलं. उन्हाळ्यात नदीला फेस येतो तो कुणाला ओळखता येत नाही, आणि यांना तोडी ओळखायची आहे. मी एका बैठकीत एक लेख हाणला. 'यंत्राला तोडी, माणसाला खड्डे' हा मथळाही माझाच. पेठेत लेख गाजला. लोक रस्त्यात थांबवून 'बेस्ट दिलात' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडं डॉ. स्नेहल मगदूम, त्याच कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या. आवाज असा, की कोणी ऊस जाळला तरी चढणार नाही.

"सर, लेख वाचला. चार चुका आहेत. पाचवी रविवारी प्रत्यक्ष येऊन करा."

असं आमंत्रण मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मी गेलो आणि तिथलाच झालो.

तालमीत का, तर कॉलेजच्या खोलीत यंत्रं गार ठेवायचा पंखा सतत घूंऽ करायचा आणि गाण्यात मिसळायचा. तालमीचे वस्ताद म्हणजे इंदूताईंचे शेजारी. त्यांनी माडी दिली. अट एकच घातली : "गावा कितीबी मोठ्यानं. फकस्त खालची पोरं तालात बैठका मारायला लागली, तर गाणं बंद."

इंदूताई वयाच्या ऐंशीला टेकलेल्या. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. त्या या कामात का आल्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या गुरुजींनी त्यांना एक राग दिला होता. नाव विचारलं तर 'मागनं सांगतो' म्हणाले आणि वारले. पुढं इंदूताईंनी तो एकदाच पुण्यातल्या एका बैठकीत गायला. तिथं एक विद्वान उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हा राग नव्हे, ही तुमच्या गुरूंची चूक तुम्ही पाठ केली आहे. त्यानंतर इंदूताई तो राग घराबाहेर गायल्या नाहीत.

"ह्या डब्यात सगळे राग भरणार म्हणताय न्हवं?" त्या मॅडमना म्हणाल्या होत्या. "मग माझा बी घाला. पण राग म्हणून घाला. चूक म्हणून न्हाय."

मॅडमनी हो म्हटलं. हो म्हणणं सोपं होतं.

* * *

भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच. फरक आहे तो कुठं टेकायचं आणि कुठं जोर लावायचा यात. मॅडमनी कबूल केलं, की यंत्र अजून नुसते सूर मोजतंय, चाल त्याला कळत नाही.

इंदूताईंना हे पटेना. "सूर तेच असंनात. भूप संध्याकाळी दमून घरला आलेला माणूस हाय, खाली टेकतो. देशकार सकाळी कामाला निघालेला, तो वर बघून चालतो. एका गल्लीत राहत्यात म्हणून दोघं एकच व्हय?"

मग त्यांनी यंत्राला शिकवायला घेतलं. शाळेत ढ मुलीला शिकवावं तसं. संध्याकाळ झाली की भूप. त्याच जागा, तेच थांबणं, पुन्हा पुन्हा. मॅडम रेकॉर्ड करून आत भरायच्या. कित्येक रविवार गेले आणि एका संध्याकाळी पडद्यावर आलं : भूप. वस्तादांनी खालून पेढे पाठवले. मी लेखाबद्दल माफी मागण्याच्या बेतात होतो.

पुढच्या रविवारी सकाळी इंदूताईंनी देशकार गायला. पडद्यावर : भूप. पुन्हा गायला. भूप. अर्धा तास घासला. भूपच.

इंदूताईंनी तंबोरा भिंतीला टेकवला. "आमच्या शाळंत हेडबाईंची पोरगी हुती. तिचं बी असंच. काल ज्या उत्तराला शाबासकी दिली, ते आज सगळ्या प्रश्नांस्नी."

* * *

या मंडळीतले चौथे आप्पा चौगुले. कबनूरचे. यंत्रमागांचे मालक. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळं कान निम्मे गेलेले, आणि गाण्याचा नाद मात्र पुरा. बैठकीत पहिल्या रांगेत बसायचे. का, तर ऐकू कमी येतं म्हणून.

जुन्या रेकॉर्डिंगना रागाचं नाव लावायचं काम आम्हा तिघांकडं होतं. यंत्राला आधी माणसानं सांगावं लागतं की हा अमुक, हा तमुक. मग ते शिकतं. इंदूताई आणि आप्पा यांचं एकमत झालं तर प्रश्न मिटला. नाही झालं तर तिसरा मी.

एके दिवशी एक जुनी टेप लागली. आप्पा म्हणाले पूरिया. इंदूताई म्हणाल्या मारवा. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं मी कुणाच्या बापाला भ्यालो नाही, पण त्या दोघांच्या मधे बसून मी तिसरंच नाव घेतलं, सोहनी. मग जे भांडण लागलं! कानानं कमी ऐकणारा माणूस आवाजानं किती मोठा असतो, हे त्या दिवशी कळलं. खाली बैठका थांबल्या. मारामारी झाली समजून वस्ताद धावत वर आले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. किती वेळ चाललंय विचारलं. अर्धा तास, मी म्हणालो.

"मग काय? कुस्ती बरोबरीत. दोघांचा बी हात वर करा आणि पुढची जोड लावा."

मॅडमना पुढचं काम होतं. नंतर बघू म्हणून त्यांनी नावाच्या जागी 'बरोबरीत' असं टाइप केलं. पुढं असं भांडण झालं की सोय झाली. वस्तादांना हाक मारायची, त्यांनी हात वर करायला लावायचे, मॅडमनी 'बरोबरीत' टाकायचं. नंतर कुणी काही बघितलं नाही. आपल्याकडं 'नंतर बघू'चं जे होतं तेच झालं.

* * *

मग एक काळ असा आला की यंत्र चुकेचना.

सकाळचे राग अचूक. संध्याकाळचे राग अचूक. मॅडम एवढ्या खूश, की त्यांनी पहिल्यांदा आमच्यासोबत मिसळ खाल्ली, ती पण तिखट. मी माझ्या जुन्या लेखाच्या विरुद्ध नवा लेख मनात जुळवायला घेतला.

त्या रविवारी सकाळी इंदूताईंना यायला उशीर झाला. माइक चालू होता. माडीवर आम्ही तिघंच, कुणी तोंड उघडलेलं नाही. आणि पडद्यावर आलं : तोडी.

आप्पांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. "ओ पेपरवालं, तुमी गुणगुणला काय?"

मी कशाला गुणगुणतोय? मॅडम खिडकीपाशी गेल्या. खाली कोपऱ्यावर गवळी म्हशी घेऊन उभा होता. रोज सकाळी तो तिथंच धार काढून लोकांना फेसाळ दूध देतो. म्हशींच्या गळ्यात घंटा. आमची सकाळची सगळी रेकॉर्डिंगं याच वेळेला झालेली. यंत्र तोडी ऐकतच नव्हतं. म्हशीची घंटा वाजली, म्हणजे सकाळ, एवढं त्यानं हेरलेलं. मग संध्याकाळचं काय, म्हणून आम्ही वाट बघत बसलो. पेठेतल्या पोरांनी रोजच्यासारखी टीव्हीवर फुटबॉलची मॅच लावलेली. गोल झाला, गल्ली ओरडली, आणि पडद्यावर आलं : यमन.

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. कित्येक महिन्यांचं काम गेलं. मी खाली जाऊन गवळ्याला समजावलं, की बाबा, सकाळी तासभर म्हशी पलीकडच्या कोपऱ्यावर बांध, तुझ्या म्हशींच्या घंटेवर संगणक तोडी ओळखायला लागलाय. त्यानं सगळं नीट ऐकलं. म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"तरी मी म्हनतोय पावणं, सकाळचं दूध येवढं ग्वाड का लागतंय लोकास्नी."

* * *

आप्पांचा एक दावा होता. राग ओळखायला कान लागत नाहीत, डोळे लागतात. गाणाऱ्याचा हात बघायचा. हात सांगतो सूर कुठं चाललाय.

मी हे खोडून काढायचं ठरवलं. मॅडमकडं बैठकींचे व्हिडिओ होते. आवाज पूर्ण बंद करून आप्पांसमोर लावले. पहिला : "बागेश्री." बरोबर. दुसरा : "हमीर." बरोबर. तिसरा, चौथा, सगळे बरोबर. मॅडमनी वही काढली. म्हणाल्या, हे फार मोठं आहे आप्पा, यंत्राला हातही दाखवायला हवेत. आप्पा लोडाला टेकून बसले.

पाचवा व्हिडिओ इंदूताईंचाच, याच माडीवरचा. आप्पांनी बारकाईनं बघितलं. इंदूताईंचा हात हळूहळू वर गेला, हवेत थांबला आणि एकदम खाली आला.

"देस," आप्पा म्हणाले. "काय समेवर आलाय हात! ह्याला म्हनत्यात तालीम."

मॅडमनी आवाज सुरू केला. गाणं सुरूच झालं नव्हतं. इंदूताई डास मारत होत्या.

* * *

तपासणीला पुण्याहून परीक्षक आले. सरकारी पैशाचं काम, तेव्हा कुणीतरी येऊन मान हलवायची असते. हे मात्र मान हलवणारे नव्हते. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, बोलणं मोजकं. शास्त्राची पुस्तकं लिहिलेला माणूस.

त्यांनी स्वतःच्या फोनवरून एक रेकॉर्डिंग लावलं. यंत्रानं ऐकलं. पडद्यावर आलं : बरोबरीत.

परीक्षकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हा कुठला राग?"

मॅडम बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "कोल्लापूरचा."

वस्तादांच्या निकालांची सगळी गोष्ट सांगावी लागली. मला वाटलं, आता हा माणूस गाडी काढणार. पण ते इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांनी विचारलं, मूळ टेप कुठली? ऐकली. मग म्हणाले, "वस्तादांचं बरोबर आहे. गाणाराच मधेच बदललाय. आधी मारवा, नंतर पूरिया." म्हणजे दोघंही जिंकले होते, मी तेवढा हरलो.

मग इंदूताईंचा राग निघाला. त्यांनी तो गायला. कितीतरी वर्षांनी परक्या माणसासमोर. दोन्ही गंधार, कोमल आणि शुद्ध, एकापाठोपाठ, आणि मधे कुठंही न अडखळता. आधी मॅडमनी तो रेकॉर्ड करून घेतला तेव्हा यंत्रानं त्याला दर वेळी वेगळं नाव दिलं होतं, एकदाही तेच नाही. परीक्षक डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण हा राग म्हणून नोंदवता येणार नाही."

मी उसळलो. चाळीस वर्षांची सवय. मी म्हणालो, पुण्याच्या पुस्तकात नसेल ते जगातच नाही असं ठरलंय काय? त्यांनी शांतपणे सांगितलं, पुस्तकाचा प्रश्न नाही. एकाच माणसानं गायलेली गोष्ट राग आहे, की त्याची लकब, की चूक, हे ठरवायचं कसं? दुसऱ्या कुणी तीच वाट चाललेली असली पाहिजे.

"दुसरा गाणारा दाखवा. आज दाखवा, आज नोंदवतो."

राग यावा असं त्यात काही नव्हतं. त्यामुळं मला जास्तच राग आला. मी म्हणालो, इंदूताईंचंच नाव द्या रागाला, 'इंदुमती' म्हणा आणि मोकळे व्हा.

इंदूताईंनी मला गप्प केलं. "माझं नाव कशाला? मी काय त्याची आई हाय? सांभाळलाय फकस्त." मग परीक्षकांना म्हणाल्या, "त्यांचं खरं हाय. पर दुसरं कोन न्हाय. गुरुजींनी मला एकटीलाच दिलता. आता मी गेलो की संपलं." आमच्याकडं बायकाही 'गेलो' म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खाली बघितलं.

यंत्रातला रागांचा हा संग्रह सरकारला पूर्ण करून द्यायची तारीख जवळ आली होती.

* * *

दुसरा गाणारा शोधायचा म्हणजे बातमीदाराचं काम. मी पेपरात आवाहन छापलं : घरात गाण्याच्या जुन्या कॅसेट पडून असतील तर आणून द्या, ऐकून परत करू.

लोकांनी माडी भरली. लग्नाचे बँड आले. भाषणं आली, त्यातली दोन अशा पुढाऱ्यांची, की ज्यांनी तसं बोललोच नाही असं मला छातीठोक सांगितलं होतं. ती मी जपून ठेवली आहेत. कागलहून एकानं वडिलांच्या गाण्याची म्हणून कॅसेट आणली. वडील रेडिओवरची मैफल टेप करता करता झोपलेले. मैफल संपली, रेडिओ बंद झाला आणि पुढं सगळं घोरणं. यंत्रानं ते सबंध ऐकून निकाल दिला : दरबारी.

कॅसेट आणणारा मुलगा भरल्या आवाजात म्हणाला, "बाबांस्नी आवडायचाच तो."

सगळं यंत्रात भरलं. इंदूताईंच्या रागाला जोड काही मिळेना. आप्पा आणि मी आळीपाळीनं ऐकत होतो, म्हणजे मी ऐकत होतो आणि आप्पा माझ्याकडं बघत होते. इंदूताई रोज विचारायच्या. मग विचारायच्या बंद झाल्या. ते मला जास्त लागलं.

* * *

शेवटी मॅडमनीच डोकं लावलं. आम्ही इतके दिवस यंत्राला नाव विचारत होतो. ज्याला नावच नाही त्याचं ते नाव काय सांगणार? त्यांनी नाव विचारणं बंद केलं. इंदूताईंचं गाणं यंत्राला दिलं आणि एवढंच विचारलं, की याच्यासारखं चालणारं दुसरं काय काय आहे ते काढ.

रविवार होता, दुपारची वेळ. मॅडमनी फोन करून सगळ्यांना बोलावलं. आवाज नेहमीसारखाच, पण 'लगेच या' म्हणाल्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

पहिली चार-पाच उत्तरं इंदूताईंचीच होती, वेगवेगळ्या दिवशी गायलेली. ते बरोबरच. त्याच्या खालचं उत्तर एका कॅसेटचं. गडहिंग्लजच्या एका शिक्षकांनी आणून दिलेल्या खोक्यातली. वर काही लिहिलेलं नाही. इतरांसारखी तीही यंत्रात भरली गेली होती, पण शेवटपर्यंत कुणी ऐकली नव्हती. सुरुवातीला बाजारभाव सांगणारा रेडिओ होता, म्हणून मीच बाजूला ठेवलेली.

मॅडमनी ती बाजारभावाच्या पुढं लावली.

खरखर. मग एका बाईचा आवाज. तंबोरा नाही, पेटी नाही. घरात काम करता करता गावं तसा मोकळा, तरुण आवाज. पहिला गंधार लागला, त्याला लागून दुसरा, आणि इंदूताईंनी सतरंजी मुठीत धरली. तीच चीज होती. तेच शब्द, तीच वळणं. इंदूताई हळू आवाजात तिच्याबरोबर गायला लागल्या. दोन आवाज, आणि जणू एकीनं दुसरीचा पदर धरून चालावं तसे. आप्पांनी मला ढोसून विचारलं, जुळतंय का? मी मान हलवली. त्यांनी डोळे पुसले, ऐकू आलं नव्हतं तरी.

स्थायी, म्हणजे चिजेचा पहिला भाग, संपली. इंदूताई थांबल्या.

कॅसेटवरची बाई थांबली नाही. तिनं वरच्या षड्जाला हात घातला आणि पुढं गात गेली. इंदूताई नुसत्या बघत राहिल्या, माणूस समोर बसलंय अशा. बऱ्याच वेळानं गाणं थांबलं, आणि तोच आवाज अगदी जवळून म्हणाला, "बास आता. नळाला पाणी आलं वाटतं." खटका वाजला. पुढं पुन्हा बाजारभाव.

मॅडमनी तिथंच परीक्षकांना फोन लावला आणि तो टेपजवळ धरला. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, पुन्हा लावा. पुन्हा लावली. मग म्हणाले, "नोंदवा. राग म्हणून नोंदवा. गाणाऱ्या दोन." आणि विचारलं, "दुसरीचं नाव काय?"

मी गडहिंग्लजला गेलो. शिक्षकांनी आपल्या आईला ऐकवलं, आत्यांना ऐकवलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, की हा आवाज ओळखीचा नाही, आणि आमच्या घरात कधी कुणी गातच नव्हतं. इंदूताईंच्या गुरुजींच्या पुतण्याला गाठलं. तो म्हणाला, काकांनी दुसऱ्या कुठल्या बाईला शिकवलं नाही. मी पेपरात दोनदा छापलं, त्या बाईंच्या नळाच्या वाक्यासकट. फोन पुष्कळ आले, त्यातले बरेचसे पाणी न आल्याबद्दलचे होते.

इंदूताई खुशीत आहेत. मॅडमनी त्यांच्या फोनवर तो तुकडा घालून दिलाय. रोज सकाळी तो लावून त्या बसतात आणि स्थायीच्या पुढचा भाग, अंतरा, ओळ ओळ करून घोटतात. मी म्हणालो, ऐंशीव्या वर्षी शिकवणी लावलीत की. तर म्हणाल्या, "लावली. बाई कडक हाय, परत परत सांगत न्हाय."

मग त्यांनी तंबोऱ्याची तार जुळवता जुळवता जे सांगितलं, ते मी इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं. त्यांनी गुरुजींना अनेकदा अंतरा मागितला होता. गुरुजी दर वेळी तेच म्हणायचे, "चीज हाय ती एवढीच. अंतरा मलाच मिळाला न्हाय, तुला कुठला देऊ?" शेवटपर्यंत त्यांच्याकडं तो नव्हता.

नळाला पाणी आलं म्हणून गाणं आवरतं घेणाऱ्या त्या बाईंकडं तो होता. त्या कोण, कुठल्या, कुणाकडं शिकल्या, हे कोल्हापुरात अजून एकाही माणसानं सांगितलेलं नाही.